गोठा ते कत्तलखाना: शेळ्या-बोकडांची हाताळणी आणि वाहतूक कोणत्या क्रमाने करावी

रविवारच्या मटणासाठी शनिवारी रात्री उशिरा गाडी भरायची, पहाटे ती उतरवायची आणि अर्ध्या तासात पहिला बोकड कापायला घ्यायचा, हा क्रम गोव्यात इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. गाडी नीट चालवली की जनावर सुखरूप पोहोचले, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जनावराला सर्वाधिक ताण चढताना आणि उतरताना होतो, आणि त्याचे निम्मे कारण गाडी दारात येण्यापूर्वीच घडून गेलेले असते. म्हणून येथे गाडीपेक्षा आदल्या दिवसाच्या तयारीबद्दल अधिक लिहिले आहे. हा लेख मुख्यतः शेळ्या, बोकड आणि मेंढ्यांविषयी आहे. डुकरांसाठी जे वेगळे करावे लागते ते शेवटाकडे स्वतंत्रपणे दिले आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यावर उभ्या आहेत. घाबरलेले, उपाशी किंवा तासन्‌तास तोल सावरत उभे राहिलेले जनावर आपल्या स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, खर्च करून टाकते. कापल्यानंतर याच साखरेचे लॅक्टिक आम्ल होते आणि मांसाचा सामू (आम्लतेचे माप, म्हणजे पीएच) साधारण ७ वरून ५.५ ते ५.७ पर्यंत उतरतो. साखर आधीच संपलेली असेल तर सामू ६ च्या वरच राहतो. असे मांस काळपट, घट्ट आणि चिकट दिसते आणि लवकर खराब होते. अर्थात मांस चांगले दिसले म्हणून जनावराचे हाल झालेच नाहीत, असा उलटा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये.

टप्पा १: वेळापत्रक शेवटाकडून सुरुवातीकडे मांडा

गाडी केव्हा मिळते यावरून वेळ ठरवणे ही पहिली चूक. वेळ ठरवायची ती कापण्याच्या घटकेपासून मागे मोजत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील कत्तलखाना नियम, २००१ यांनुसार पशुवैद्यकीय तपासणीनंतर जनावराला २४ तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे रविवारी पहाटे पाच वाजता काम सुरू होणार असेल, तर जनावरे शनिवारी पहाटे पाचपूर्वी उतरून त्यांची तपासणी झालेली असावी. बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्याने उसगावच्या कत्तलखान्यापर्यंत यायला, रस्ता मोकळा असला तरी, तीन तासांच्या आसपास लागतात. त्यात चढवण्याचा एक तास, वाटेतील थांबे आणि सीमेवरच्या चौकीत कागद दाखवण्याचा वेळ मिळवला, तर शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास जनावरे हलवायला घ्यावी लागतील.

रात्रीचा प्रवास येथे सोयीचा म्हणून सुचवलेला नाही. मार्च ते मे या महिन्यांत किनाऱ्यावरची हवा इतकी दमट असते की धाप टाकूनही जनावराच्या अंगातील उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे दुपारी अकरा ते चार या वेळेत गाडी भरलेली असूच नये. पावसाळ्यात प्रश्न वेगळा असतो. घाटात दाट धुके आणि दरडीमुळे तासन्‌तास वाहतूक अडकते, म्हणून त्या दिवसांत निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करणे हा तयारीचाच भाग समजावा.

तपासणी: कत्तलखान्यात तुमच्यासाठी जागा आणि तपासणीला पशुवैद्य त्या दिवशी उपलब्ध आहे का, हे गाडी सांगण्याआधी विचारून घ्या. नियमानुसार एका पशुवैद्याने तासाला १२ पेक्षा आणि दिवसाला ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासायची नाहीत. ईद, नाताळ किंवा गटारीच्या आधीच्या दिवसांत हा आकडा चटकन भरतो, आणि मग तुमची जनावरे भरल्या गाडीत उन्हात उभी राहतात.

टप्पा २: कोणते जनावर निघणार नाही, हे आधी ठरवा

आदल्या दिवशी सकाळी, जनावरे शांत असताना, प्रत्येकाला चालताना पाहावे. चारही पायांवर समान भार घेत नसलेले, डोळ्यांतून किंवा नाकातून घट्ट स्राव येणारे, कळपामागे रेंगाळणारे, खाणे सोडलेले जनावर बाजूला काढावे. शेळीचे शरीराचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. त्याच्या वर आढळले तर पशुवैद्याला दाखवल्याशिवाय ती गाडीत जाऊ नये. गाभण शेळी, तीन महिन्यांहून लहान पिल्लू असलेली शेळी आणि तीन महिन्यांहून लहान करडू यांची कत्तल नियमांनी वर्ज्य केली आहे. त्यामुळे त्यांना नेऊन परत आणण्यात पैसा जातो आणि जनावराचे दुहेरी हाल होतात ते वेगळेच.

पाय मोडलेले किंवा उठता न येणारे जनावर ‘नाहीतरी कापायचेच आहे’ म्हणून गाडीत टाकणे हा सर्वांत निर्दय आणि दुर्दैवाने सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. अशा जनावराला प्रवासच घडवू नये. पशुवैद्याला जागेवर बोलवावे आणि त्याचा निर्णय मानावा.

ज्या जनावराला अलीकडे प्रतिजैविक किंवा जंताचे औषध दिले असेल त्याची तारीख लिहून ठेवा. औषधाच्या वेष्टनावर मांसासाठी दिलेला प्रतीक्षाकाळ पूर्ण झाला नसेल तर ते जनावर या फेरीत नको.

टप्पा ३: चारा बंद, पाणी चालू

चारा आणि पाणी एकदमच बंद करणे ही चूक इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. भरल्या पोटी निघालेले जनावर वाटेत अस्वस्थ होते, गाडीचा हौदा घाण होऊन निसरडा होतो, आणि पुढे आतडी काढताना ती फुटून मांस दूषित होण्याची भीती असते. म्हणून चारा थांबवणे योग्यच आहे. पण पाणी तोडल्याने यातले काहीच साधत नाही. तहानलेल्या जनावराची कातडी सोलायला अवघड जाते, वजन घटते आणि उष्माघाताची शक्यता वाढते.

वर दिलेल्या वेळापत्रकात क्रम असा राहील: निघण्यापूर्वी चार-पाच तास शेवटचा हलका चारा द्यावा, तोही नेहमीच्याच सवयीचा. निघण्याआधी ‘वजन भरावे’ म्हणून हिरवा लुसलुशीत पाला किंवा धान्य पोटभर घालणाऱ्यांच्या शेळ्या घाटात पोट फुगून आडव्या होतात. विश्रांतीच्या गोठ्यात पोहोचल्यावर आधी पाणी आणि मग थोडे वाळले गवत द्यावे, आणि कापण्यापूर्वी १२ तास चारा काढून घ्यावा. पाणी शेवटपर्यंत पुढ्यात असावे. ओळखीची घमेली किंवा बादली बरोबर नेल्यास अनोळखी जागी तोंड न लावणारी जनावरेही पाणी पितात.

इशारा: मीठ चाटवून भरपूर पाणी पाजणे आणि त्यावर वजन करून विकणे ही फसवणूक तर आहेच, शिवाय जनावराच्या जिवाशी खेळ आहे.

टप्पा ४: गाडी जनावरासाठी तयार करा

किती जनावरे मावतील हे डोळ्यांनी ठरवू नये, मोजावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-ई या नियमाने जनावरे नेणाऱ्या वाहनात प्रत्येक शेळी-मेंढीसाठी ०.३ चौरस मीटर जागा आणि कायमचे कप्पे आवश्यक ठरवले आहेत. हौदा अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद असेल तर त्याचे क्षेत्र ४.२५ चौरस मीटर होते, म्हणजे त्यात १४ जनावरे बसतात. अशा गाडीत पंचवीस कोंबण्याचे समर्थन नेहमी एकच ऐकू येते: गच्च भरले की एकमेकांच्या आधाराने पडत नाहीत. हे अर्धसत्यही नाही. गच्च गर्दीत जनावर पडायचे थांबत नाही. फक्त पडलेले उठू शकत नाही, आणि बाकीची त्याच्यावर उभी राहतात. उलट अगदीच मोकळा हौदाही वाईट, कारण प्रत्येक वळणावर जनावर घसरत जाऊन फाळक्यावर आदळते. संख्या कमी असेल तर कप्प्यात तात्पुरती आडफळी लावून जागा लहान करावी.

प्राणी वाहतूक नियम, १९७८ मधील शेळ्या-मेंढ्यांचा भाग सहा तासांहून लांबच्या प्रवासासाठी आहे. त्यात पशुवैद्याचा प्रवासास योग्य असल्याचा दाखला, प्रथमोपचाराचे साहित्य, जमिनीवर किमान ५ सेंटीमीटर जाडीचा पेंढा, नर आणि मादी वेगळ्या कप्प्यात आणि मोठ्या गाडीत दर दोन-तीन मीटरवर आडोसा, अशा अटी आहेत. चोर्ल्याहून किंवा पत्रादेवीहून येणाऱ्याचा प्रवास सहा तासांचा नसला तरी या अटी पाळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. घाटातल्या तीन तासांत जनावराला पठारावरच्या सहा तासांइतका तोल सावरावा लागतो.

पत्र्याच्या गुळगुळीत हौद्यावर नुसता पेंढा टाकला तर तो पेंढाच सरकतो. खाली गोणपाट किंवा रबरी चटई, तिच्यावर लाकडाचा भुसा आणि वर भाताचा पेंढा, असे थर करावेत. मग रिकाम्या हौद्यात स्वतः बसावे आणि आतल्या बाजूने हात फिरवावा. बाहेर आलेला खिळा, तुटलेल्या पत्र्याची धार, दोन पट्ट्यांमधली शिंग अडकेल अशी फट या गोष्टी उभ्याने दिसत नाहीत. बोकडाच्या खांद्याच्या उंचीवर डोळे नेले की लगेच दिसतात. ताडपत्री वरून असावी, पण चारही बाजूंनी आवळून बांधू नये. गाडी थांबताच आतली हवा थांबते आणि दहा-पंधरा मिनिटांत आत वाफारा होतो.

टप्पा ५: हाकणे आणि चढवणे

घाई सर्वांत जास्त इथेच होते, आणि सर्वांत जास्त मारही इथेच बसतो. शेळीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त अगदी पाठीमागचे दिसत नाही. तुम्ही बरोबर शेपटीमागे उभे राहिलात तर ती पुढे जाण्याऐवजी तुम्हाला पाहण्यासाठी वळते. तिच्या खांद्याच्या रेषेमागे, जरा तिरके उभे राहून एक पाऊल पुढे टाकले की ती पुढे सरकते. खांद्याच्या पुढे गेलात की थांबते किंवा मागे फिरते. ती चालू लागली की आपण थांबायचे. हे थांबणे बहुतेकांना जमत नाही, कारण जनावर चालत असताना हात आवरून उभे राहणे कामचुकारपणा वाटतो. पण दाब सुटल्याशिवाय आपण योग्य केले हे जनावराला कळत नाही.

एकटी शेळी हलवणे अवघड आणि पाच-सहांचा गट हलवणे सोपे असते, कारण पुढची गेली की मागच्या जातात. म्हणून एकेकीला ओढत नेण्यापेक्षा गटाने न्यावे, आणि हाताला सवय झालेली एखादी शेळी दोरीला धरून पुढे चालवावी. हातात काठीऐवजी पांढरे रिकामे पोते असावे. ते हलवले तरी पुरते.

फळीचा उतार २० अंशांहून अधिक नको. हौदा जमिनीपासून पाऊण मीटर उंच असेल तर फळी किमान सव्वादोन मीटर लांब लागेल, तिच्यावर वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असाव्यात आणि दोन्ही बाजूंना पलीकडचे न दिसणारा आडोसा असावा. बांधाचा किंवा चिऱ्यांच्या ओट्याचा उंचवटा असेल तर गाडी तिथेच मागे लावावी. फळीची गरजच कमी होते.

जनावर अडले तर आधी समोर काय आहे ते पाहावे. फळीवर पडलेली उन्हाची तिरीप, वाऱ्याने फडफडणारे ताडपत्रीचे टोक, हौद्यातला मिट्ट काळोख किंवा ओली चकाकणारी जमीन, यांपैकी काहीतरी असते. शेळी अंधारातून उजेडाकडे जाते, उजेडातून अंधारात जायला कचरते. रात्री चढवताना हौद्याच्या आत एक मंद दिवा लावावा, मात्र त्याचा झोत तिच्या डोळ्यांवर नको. दहा मिनिटे मारझोड करण्यापेक्षा ताडपत्रीचे ते टोक बांधून टाकावे.

काय करू नये, हेही स्पष्ट लिहिलेले बरे. कान, शेपूट, लोकर किंवा एकाच पायाला धरून उचलू नये. मांडीवरचे केस मुठीत धरून शेळी ढकलली, तर सोलल्यावर त्याच जागी, त्याच आकाराचा रक्त साकळलेला डाग दिसतो. शिंगांनी दिशा देता येते, पण शिंगांवर सारे वजन घेऊन वर खेचायचे नाही. उचलावेच लागले तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या मांड्यांखाली घालून उचलावे. चारही पाय बांधून आडवे टाकलेल्या शेळीच्या पोटातला वायू ढेकरेवाटे निघत नाही, पोट फुगून फुप्फुसांवर दाबते आणि ती गुदमरते. स्कूटरच्या पुढ्यात पाय बांधून ठेवलेला बोकड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या वाटेवर आजही दिसतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली अशी वाहतूक गुन्हा आहे.

तपासणी: सगळी चढल्यावर फाळका लावण्याआधी पाच मिनिटे नुसते पाहत उभे राहा. प्रत्येक जनावराला डोके वर करता येते का, एकमेकांशी झुंजणारे दोन बोकड एकाच कप्प्यात आले नाहीत ना, कोणाचे शिंग पट्टीत अडकले नाही ना? आडवे झालेले जनावर आत्ताच उठवा. वेगवेगळ्या घरांतून आणलेले मोठे बोकड एकत्र घातले तर ते हुद्दा ठरवण्यासाठी टकरा देतात, आणि ही टक्कर हलत्या गाडीत होते.

टप्पा ६: घाट

निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पहिला थांबा घ्यावा, कारण पडझड होते ती सुरुवातीलाच. त्यानंतर घाट सुरू होण्यापूर्वी एकदा आणि केरीला किंवा मोल्याला उतरल्यावर एकदा पाहावे. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक लावू नये. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहावे. चालकाला फेऱ्यांवर पैसे देण्याचा व्यवहार असेल तर तो सावकाश चालवणार नाही. या प्रवासाचा दर वेगळा ठरवा, असे सांगणे भाग आहे.

चहासाठी गाडी उभी करायची असेल तर सावलीत, वाऱ्याच्या दिशेला आणि थोडाच वेळ. तोंड उघडून जीभ बाहेर काढलेली, मान ताणून धाप टाकणारी शेळी दिसली तर ताडपत्री उघडून हवा खेळती करावी, पाणी पाजावे आणि पाय व पोटाखाली पाणी शिंपडावे.

टप्पा ७: उतरवणे आणि विश्रांती

पोहोचल्यावर फाळका धाडकन उघडला की दारातली जनावरे बाहेर उडी मारतात आणि पुढच्या पायांवर कोसळतात. फळी आधी लावावी, फाळका हळू उघडावा आणि पहिल्या जनावराला आपल्या चालीने बाहेर येऊ द्यावे. चढवताना जेवढा धीर धरला तेवढाच उतरवतानाही हवा. माणसे दमलेली असल्यामुळे तो नेमका इथे सुटतो.

विश्रांतीच्या जागेत लहान जनावरामागे १.६ चौरस मीटर जागा असावी, असा नियम आहे. गाडीत जे गट होते तेच इथे ठेवावेत. सगळ्यांना एकाच वेळी बसता आले पाहिजे, आणि एका तासात बहुतेकांनी बसून रवंथ सुरू केलेले दिसले पाहिजे. रवंथ करणारी शेळी सावरली आहे. तासाभरानंतरही माना वर करून कोपऱ्यात दाटलेली जनावरे दिसली तर कुत्रा, आपटणारे दार, पाइपच्या पाण्याचा फवारा किंवा सतत येणारी-जाणारी माणसे, यांपैकी कशाचा त्रास आहे ते शोधावे.

इशारा: विक्री न झालेले जनावर घरच्या कळपात थेट सोडू नका. बाजारातून पीपीआरसारखा (शेळ्या-मेंढ्यांमध्ये झपाट्याने पसरणारा विषाणूजन्य आजार) रोग घरी येतो. दोन-तीन आठवडे वेगळे बांधा.

डुकरांसाठी वेगळे काय

डुकराला माणसासारखा घाम येत नाही, म्हणून उष्णता हा त्याचा पहिला शत्रू आहे. रात्री किंवा पहाटे न्यावे, चढवण्याआधी आणि वाटेत अंगावर पाणी शिंपडावे, प्रत्येकासाठी ०.६ चौरस मीटर जागा धरावी. घराच्या परड्यात वाढलेले, कधी गाडी न पाहिलेले डुक्कर चारही पाय बांबूला बांधून नेण्याची रीत गावोगाव आहे. त्या किंकाळ्या ऐकून शेजारचे डुक्करही घाबरते. कापण्यापूर्वीच्या या ऐनवेळच्या ताणामुळे शरीर गरम असतानाच सामू वेगाने उतरतो, आणि मांस फिकट, मऊ होऊन त्यातून पाणी सुटते. यापेक्षा रुंद प्लायवुडची फळी दोन्ही हातांत धरून तिच्या आडोशाने डुकराला वळवावे. समोर भिंत दिसली की ते दुसरीकडे जाते, फट दिसली की फटीत घुसते. आदल्या आठवड्यापासून त्याच पिंजऱ्यात खाणे ठेवल्यास ते स्वतःहून आत जाते.

टप्पा ८: शेवटची काही पावले

एका जनावराला दुसऱ्याच्या देखत कापू नये, हे कत्तलखाना नियमांत स्पष्ट आहे आणि घरगुती कार्यातही ते पाळता येते: एक जाड पडदा पुरतो. जनावर पुढे आणायचे ते कापणाऱ्याची तयारी पूर्ण झाल्यावरच. धरून ठेवल्यावर सुरी शोधणे, धार लावायला जाणे, फोन घेणे, या काही मिनिटांत २४ तासांची विश्रांती वाया जाते. पुढचे जनावर आणण्याआधी जमिनीवरचे रक्त धुऊन टाकावे, म्हणजे ते घसरणार नाही आणि अडणारही नाही.

टप्पा ९: सोलल्यावर पाहा आणि लिहा

कातडी उतरली की सगळे उघडे पडते. ताजा मार लालभडक दिसतो आणि तो चढवण्यापासून पुढच्या वेळेतला असतो. काळपट डाग साधारण दिवसापूर्वीचा. पिवळसर-हिरवट झालेला त्याहून जुना, म्हणजे विकणाऱ्याच्या गोठ्यातला. पाठीवरचा डाग काठीचा किंवा फाळक्याखाली सापडल्याचा, मांडीवरचा ओढल्याचा, बरगड्यांवरचा दुसऱ्याच्या शिंगांचा किंवा तुडवल्याचा असण्याची शक्यता जास्त. कोणत्या गाडीतल्या, कोणत्या कप्प्यातल्या किती जनावरांना कुठे डाग होते, हे एका वहीत लिहावे. तीन-चार फेऱ्यांत एकाच बाजूला डाग येत असतील तर हौद्याच्या त्या बाजूला पुन्हा आतून हात फिरवावा. डाग सर्वच जनावरांच्या मांड्यांवर असतील तर चढवणाऱ्या माणसाशी बोलावे.